अकरा रात्री न पेटलेला दिवा : फ्लॅनन बेटांवरची दुर्घटना, डिसेंबर १९००

१५ डिसेंबर १९०० च्या संध्याकाळी स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या फ्लॅनन बेटांवरचा दिवा पेटला नाही. २५ तारखेपर्यंत, म्हणजे सलग अकरा रात्री, तो बंदच होता. २६ ला दुपारी बोट तिथे पोहोचली तेव्हा दीपगृह रिकामं होतं. मुख्य रक्षक जेम्स डुकॅट, दुसरे सहायक थॉमस मार्शल आणि बदलीवर आलेले डोनाल्ड मॅकआर्थर हे तिघेही नाहीसे झाले होते. त्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

हे प्रकरण जगभर ‘न उलगडलेलं गूढ’ म्हणून सांगितलं जातं. मला ते तसं वाटत नाही. तिघांचं काय झालं असावं याचं पटण्यासारखं उत्तर त्याच वेळच्या चौकशीत मिळालं होतं. ती चौकशी एका जाणत्या, त्या माणसांना जवळून ओळखणाऱ्या अधिकाऱ्याने केली होती. मला अस्वस्थ करतो तो दुसराच प्रश्न. जो दिवा रोज रात्री दिसलाच पाहिजे म्हणून समुद्रात एवढा खटाटोप करून उभारला, तो अकरा रात्री विझलेला होता, आणि किनाऱ्यावरून कुणीच हललं नाही, हे घडलं कसं? या लेखात मी दोन्ही प्रश्न घेतले आहेत, पण भर दुसऱ्यावर आहे.

जागा, माणसं, कामाची रीत

लुइस बेटाच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर, उघड्या अटलांटिकमध्ये हा बेटांचा पुंजका आहे. त्यातलं सगळ्यात मोठं बेट आयलन मोर. चारी बाजूंनी उभे कडे, माथ्यावर गवत, वस्ती नाही. दीपगृहाचा आराखडा डेव्हिड अॅलन स्टीव्हन्सन यांचा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची कितीतरी दीपगृहं ज्या घराण्याने बांधली, त्याच घराण्यातले हे अभियंता. बांधकाम १८९५ मध्ये सुरू झालं आणि ७ डिसेंबर १८९९ ला दिवा पहिल्यांदा पेटला. मनोरा फक्त २३ मीटरचा, पण तो बेटाच्या माथ्यावर असल्याने दिवा समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंचीवर येतो. दर तीस सेकंदांनी दोन झोत, ही त्याची ओळख. दुर्घटना घडली तेव्हा दिव्याला जेमतेम एक वर्ष आणि एक आठवडा झाला होता.

बेटावर उतरायला दोन धक्के होते, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. वारा आणि लाटा ज्या बाजूला असतील त्याच्या उलट बाजूने उतरायचं, असा हिशेब. दोन्हीकडून कड्यात खोदलेल्या पायऱ्या वर जात. तेलाची पिंपं आणि सामान वर ओढायला रुळांचा एक छोटा मार्ग होता. पश्चिमेकडे समुद्रापासून साधारण २० मीटर उंचीवर एक चौथरा आणि त्यावर सामान उचलायची यारी होती. त्याहूनही वर, सुमारे ३३ मीटरवर, खडकाच्या कपारीत एक लाकडी पेटी घट्ट बसवलेली असे. बोट बांधायचे दोरखंड, उतरायचे दोर, यारीचे दांडे हे सगळं त्या पेटीत. ही पेटी लक्षात ठेवायला हवी.

नेमणूक चौघांची. तिघे बेटावर, एक आळीपाळीने किनाऱ्यावर. बायकामुलं लुइसवरच्या ब्रेसक्लीट या गावी, दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने बांधून दिलेल्या घरांत राहात. त्या डिसेंबरात पहिले सहायक विल्यम रॉस आजारी रजेवर होते, म्हणून त्यांच्या जागी मॅकआर्थर आले होते. चौथे जोसेफ मूर त्यांच्या पाळीप्रमाणे किनाऱ्यावर होते.

दीपगृहातला दिवस ठरलेला असतो. रात्रभर आळीपाळीने दिव्यापाशी पहारा. सकाळी दिवा विझवायचा, भिंग पुसायचं, वात नीट करायची, तेल भरायचं, खिडक्यांचे पडदे ओढायचे, म्हणजे संध्याकाळी फक्त पेटवायचं उरतं. वायुभारमापक, तापमापक आणि वाऱ्याची नोंद आधी पाटीवर खडूने, मग सवडीने वहीत. ही रीत इतकी काटेकोर होती, म्हणूनच पुढे चौकशीला आधार सापडला. गबाळ्या माणसांनी मागे ठेवलेल्या घरातून कसलाच अंदाज बांधता आला नसता.

२६ डिसेंबर

बदलीची बोट २० डिसेंबरला जायची होती, पण हवेने जाऊ दिलं नाही. ‘हेस्परस’ हे मंडळाचं जहाज बुधवारी, २६ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलं. धक्क्यावर नेहमीची तयारी नव्हती आणि वरून काही खूण दिसत नव्हती. कप्तान जेम्स हार्वी यांनी भोंगा वाजवला, मग दुसरा, मग अग्निबाण उडवला. उत्तर नाही. पूर्वेच्या धक्क्याला छोटी बोट लावली आणि मूर कशीबशी उडी मारून एकटे वर गेले.

फाटक बंद, बाहेरचं दार बंद. आत चूल थंड, घड्याळ थांबलेलं, बिछाने रिकामे. मूर धावत खाली आले. जहाजावरचे दुसरे मेट मॅककॉर्मॅक आणि एक खलाशी यांच्यासोबत त्यांनी पुन्हा सगळं दीपगृह धुंडाळलं. कुणी नव्हतं.

इथे मला हार्वी यांचा निर्णय महत्त्वाचा वाटतो, कारण सांगोवांगीच्या कथांमध्ये तो कुठे येत नाही. त्यांनी मूर यांना सांगितलं की तुम्हाला परत बेटावर जावं लागेल, दिवा पेटला पाहिजे. सोबतीला कोण जातं असं विचारल्यावर लगेच माणसं पुढे आली. लॅमॉंट आणि कॅम्पबेल हे दोन खलाशी आणि जहाजावर असलेले बोयांचे (समुद्रातल्या तरंगत्या खुणांचे) प्रमुख मॅकडोनाल्ड यांना मूरबरोबर उतरवलं. ज्या घरातून आपले तीन सोबती नाहीसे झाले, त्याच घरात मूर यांनी त्या रात्री दिवा पेटवला. हार्वी ब्रेसक्लीटला परतले आणि तारेने बातमी कळवली.

घराने काय सांगितलं

चौकशी केली मंडळाचे अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड यांनी. ते २९ डिसेंबरला बेटावर उतरले आणि ८ जानेवारी १९०१ ला त्यांनी अहवाल दिला. या जागेसाठी रक्षक निवडण्याची शिफारस त्यांनीच केली होती. १८९९ च्या उन्हाळ्यात, हिवाळ्याआधी दिवा सुरू व्हावा म्हणून ते महिन्याहून जास्त काळ या माणसांबरोबर बेटावर राबले होते. ७ डिसेंबर १९०० ला ते बेटावर येऊन गेले होते. त्यांचा हात शेवटचा हाती घेणारा माणूस मीच, असं त्यांनी अहवालाच्या शेवटी लिहून ठेवलं आहे.

आता पुरावा. वहीतल्या नोंदी १३ डिसेंबरपर्यंतच्या. त्यानंतरच्या पाटीवर, अजून वहीत न उतरवलेल्या. पाटीवर शेवटची नोंद शनिवार, १५ डिसेंबर, सकाळी ९ ची. त्यात वायुभार, तापमान, वारा आणि त्या सकाळी दिवा कधी विझवला तेही होतं. दिवा पुसलेला, तेल भरलेलं, म्हणजे सकाळचं काम पूर्ण झालेलं. स्वयंपाकघरातली भांडी घासून ठेवलेली. त्यावरून मूर यांनी ताडलं की ते दुपारच्या जेवणानंतर बाहेर पडले असावेत.

त्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यात सूर्य दुपारी साडेतीन-पावणेचारच्या सुमारास मावळतो. त्याआधी दिवा पेटवायला माणूस वर हवाच. तो पेटला नाही. ‘आर्कटॉर’ नावाची आगबोट फिलाडेल्फियाहून लीथला जाताना त्याच रात्री बाराच्या सुमारास जवळून गेली, आणि दिवा दिसायला हवा होता तरी दिसला नाही, असं तिच्या कप्तानाने नंतर सांगितलं. म्हणजे जे काही झालं ते जेवण आवरल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या दोन-तीन तासांत. एका पाटीवरून, घासलेल्या भांड्यांवरून आणि भरलेल्या तेलावरून वेळ इतकी जवळ आणता आली.

कपड्यांनीही सांगितलं. डुकॅट यांचे समुद्री बूट आणि पावसाळी कोट जागेवर नव्हते. मार्शल यांचे बूट आणि मेणकापडी कपडे नव्हते. मूर यांच्या म्हणण्याप्रमाणे हे कपडे फक्त धक्क्याकडे जाताना घातले जात. मॅकआर्थर यांचा कोट मात्र घरातच होता. ते सदऱ्यावरच बाहेर पडले होते.

पश्चिमेचा धक्का

पूर्वेच्या धक्क्यावर काहीच बिघडलेलं नव्हतं. दोर जागच्या जागी होते. पश्चिमेला मात्र नासधूस झाली होती. यारीच्या चौथऱ्याभोवतीचे लोखंडी कठडे उखडून पिळवटलेले. रुळांच्या टोकापासून पायऱ्यांकडे जाणाऱ्या काँक्रीटच्या वाटेवर एक टनाहून जड दगड वरून घरंगळून येऊन पडलेला. ३३ मीटर उंचीवरच्या कपारीतली ती लाकडी पेटी गायब.

पेटीतले दोरखंड खाली यारीच्या पायांत आणि आजूबाजूच्या खाचांत अडकलेले सापडले. पण म्यूरहेड यांनी जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक वेटोळं बांधलेलंच होतं, एकही सुटलेलं नव्हतं. म्हणजे दोर कुणी वापरायला काढले नव्हते, पाण्यानेच ते पेटीसकट खेचून नेले होते. यारीसुद्धा व्यवस्थित होती. तिचं रहाट अडकवलेलं, कापडी आच्छादन बांधलेलं. यारी सावरताना अपघात झाला असावा, हा कप्तान हार्वी यांच्या तारेतला पहिला अंदाज इथेच बाद झाला.

दुसरी खूण जीवरक्षक कड्याची. वाटेच्या कठड्याला बांधलेलं ते कडं जागेवर नव्हतं. म्यूरहेड यांना आधी वाटलं, बुडणाऱ्याला वाचवायला कुणीतरी ते सोडवून फेकलं असावं. मग त्यांनी कडं बांधलेले दोर तपासले. गाठी कुणी सोडल्या नव्हत्या आणि दोरांना कापडाच्या चिंध्या चिकटून राहिल्या होत्या. समुद्रानेच ते कडं दोरांतून ओरबाडून नेलं होतं, तेही ३३ मीटर उंचीवर! माझ्या मते संबंध अहवालात तपासाची याहून चांगली जागा नाही. पहिला निष्कर्ष मनाला भावणारा होता, एकाने दुसऱ्यासाठी धाव घेतल्याचा. तो टिकवायला म्यूरहेड यांना गाठी न पाहणं पुरलं असतं. त्यांनी त्या पाहिल्या.

निष्कर्ष असा: शनिवारी, १५ तारखेला दुपारी तिघे दोरांची पेटी सुरक्षित करायला पश्चिमेच्या धक्क्याकडे गेले. अनपेक्षित मोठी लाट कड्यावर आली, पाणी त्यांच्याहून वर चढलं आणि परतताना त्यांना घेऊन गेलं. वाऱ्याने उडवून नेलं असेल का, याचाही त्यांनी विचार केला. पण वारा पश्चिमेचा होता. त्याने त्यांना समुद्राकडे न ढकलता बेटाच्या वरच्या अंगाला ढकललं असतं, आणि माथा येण्याआधी ते जमिनीवर पालथे पडून स्वतःला सावरू शकले असते.

एक शंका मात्र मला नोंदवायलाच हवी. धक्क्याची नासधूस पाहिली गेली ती अकरा दिवसांनंतर. मधल्या काळात हवा इतकी वाईट होती की २० तारखेची बोट सुटूच शकली नाही. वाकलेले कठडे आणि निसटलेली पेटी १५ तारखेचीच, असं ठामपणे म्हणता येत नाही. त्यातलं काही नंतरच्या वादळांचं असू शकतं. तरी त्या नासधुशीवरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. या बाजूला समुद्र तेहतीस मीटरपर्यंत येऊ शकत होता, आणि तिथे उभ्या माणसाला पुरेल इतक्या जोराने येऊ शकत होता. पश्चिमेच्या अंगाला कड्यात एक अरुंद घळ आहे. अशा घळीत शिरलेली लाट कोंडली जाते आणि वर उसळते. खाली समुद्र त्या मानाने शांत दिसत असतानाही.

मॅकआर्थर यांचा कोट

राहतो तो कोट. दोघं तयारीने गेले, तिसरा घाईत. दिवा सोडून तिघांनी एकदम बाहेर पडायचं नाही, ही दीपगृहातली शिस्त. मग मॅकआर्थर गेले का?

पुढे १९५० च्या दशकात तिथे काम केलेल्या एका रक्षकाने पश्चिमेच्या लाटा प्रत्यक्ष पाहून एक मांडणी केली. पहिल्या लाटेने एकाला नेलं, दुसरा धावत वर आला, मॅकआर्थर हातातलं काम टाकून तसेच त्याच्यामागे गेले आणि पुढच्या मोठ्या लाटेने दोघांना नेलं. कोटाचा उलगडा यात होतो. पण एक अडचण आहे. मूर यांना फाटक आणि बाहेरचं दार दोन्ही बंद मिळाली होती. सोबती बुडतोय म्हणून धावणारा माणूस फाटक लावून जाईल का? कदाचित वरून मॅकआर्थर यांनाच मोठ्या लाटांची रांग येताना दिसली असेल आणि ते सावध करायला गेले असतील. यापलीकडे पुरावा नेत नाही, आणि मीही नेत नाही. एवढं म्हणेन की कोट न घालता डिसेंबरच्या अटलांटिक वाऱ्यात बाहेर पडणारा माणूस स्वतःच्या कामासाठी बाहेर पडलेला नसतो.

नंतर चिकटवलेल्या गोष्टी

या घटनेवर जे रचलं गेलं त्याचा निपटारा थोडक्यात करतो. अर्धवट जेवलेली ताटं आणि कलंडलेली खुर्ची ही विल्फ्रिड गिब्सन यांच्या १९१२ च्या कवितेतून लोकांच्या डोक्यात बसली. म्यूरहेड आणि मूर यांच्या लेखी तसं काही नाही, उलट भांडी स्वच्छ होती. दुसरी त्याहून वाईट गोष्ट म्हणजे बनावट रोजनिशी. मार्शल यांनी लिहिली म्हणून सांगितली जाणारी. तिच्यात १२ तारखेपासून कधी न पाहिलेलं वादळ आहे, गप्प झालेले डुकॅट आहेत, रडणारे मॅकआर्थर आहेत, तिघांची प्रार्थना आहे. ती घटनेनंतर अनेक वर्षांनी छापील मजकुरात उगवली. खऱ्या वहीत १३ नंतरची नोंद नव्हती आणि पाटीवर होता तो हवेचा हिशेब. शिवाय कुठला सहायक आपल्या वरिष्ठाच्या मनःस्थितीबद्दल सरकारी वहीत लिहील? आणि १२ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे त्या कथित महाभयंकर वादळात, बेटावरचा दिवा लुइसच्या किनाऱ्यावरून दिसल्याची नोंद आहे.

मला या बनावटीचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. काम नीट करून ठेवलेल्या तीन माणसांना तिने भेदरलेली, भांडकुदळ माणसं बनवलं. डुकॅट आणि मॅकआर्थर यांच्या विधवा आणि मुलं ब्रेसक्लीटला होती.

किनाऱ्यावरून पाहणारे डोळे

आता मूळ मुद्द्यावर. बेटावर तार नव्हती. संपर्काची व्यवस्था होती ती अशी: मदत हवी असेल तर मनोऱ्याच्या सज्जातून बाहेर काढलेल्या दांड्यांवर गोल किंवा चकत्या टांगायच्या. कुठल्या बाजूला किती, यावरून अर्थ. लुइसच्या किनाऱ्यावर ऊइगजवळ रॉडरिक मॅकेंझी नावाच्या शिकारराख्याला (शिकारीच्या प्राण्यांची राखण करणाऱ्या माणसाला) मंडळाने नेमलं होतं. दिवसा खूण दिसते का पाहायचं आणि रात्री दिवा ‘दिसला’ की ‘दिसला नाही’ ते वहीत लिहायचं.

म्यूरहेड ३० डिसेंबरला रविवारी त्यांच्याकडे गेले. मॅकेंझी घरी नव्हते. भेटले त्यांचे दोन मुलगे, सुमारे १६ आणि १८ वर्षांचे. प्रत्यक्षात पाहण्याचं काम हीच मुलं करत होती. हुशार मुलं आहेत, असं म्यूरहेड यांनी आवर्जून लिहिलं. मग त्यांनी डिसेंबरचं पान उघडलं.

त्या पानात असं होतं: ७ ते २९ डिसेंबरच्या दरम्यान मनोरा दुर्बिणीतूनसुद्धा एकदाही दिसला नाही. दिवा ७ ला दिसला. ८, ९, १०, ११ ला दिसला नाही. १२ ला दिसला. त्यानंतर थेट २६ ला, मूर यांनी पेटवला तेव्हा.

या नोंदी पाटीशेजारी ठेवून वाचल्या की व्यवस्थेतलं भोक दिसतं. १३ आणि १४ च्या रात्री रक्षक जागेवर होते. १५ च्या सकाळी दिवा विझवल्याची वेळ पाटीवर आहे. तरी किनाऱ्यावरून तो दिसला नाही, कारण बेटाच्या माथ्यावर धुकं असे. १५ पासूनच्या रात्री दिवा पेटलाच नव्हता. वहीत मात्र १४ च्या रात्रीपुढे आणि १६ च्या रात्रीपुढे एकच शेरा: दिसला नाही. धुक्यात पेटलेला दिवा आणि मेलेल्या माणसांचा विझलेला दिवा यांत ती वही फरक करूच शकत नव्हती. चार-पाच रात्री सलग न दिसणं नेहमीचं होतं. म्यूरहेड यांनी हे स्वतः पडताळून पाहिलं. मॅकेंझींना काळजी वाटू लागली होती, हेही खरं. दिवा पुन्हा दिसण्याआधीच्या दोन रात्री त्यांनी गावकऱ्यांना मदतीला घेऊन पाहिलं होतं. पण कुणाला कळवायचं आणि कधी, याचा नियमच नव्हता. या बाप-लेकांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पाहा आणि लिहा, इतकंच त्यांना सांगितलं होतं, आणि ते त्यांनी केलं.

म्यूरहेड यांचं मत थोडं कडक होतं. डू आर्टकच्या दीपगृहासाठी एरेड बेटावरून नेहमीचा दीपगृहरक्षकच पाहणी करायचा, तसा इथे असता तर त्याला लवकर शंका आली असती, असं त्यांनी लिहिलं. पटतं. दिव्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला ‘दिसला नाही’ आणि ‘दिसायला हवा होता पण दिसला नाही’ यांतला फरक कळतो. ‘आर्कटॉर’च्या कप्तानाला तो पहिल्याच रात्री कळला. पण त्याची माहिती त्याच्या जहाजाबरोबरच गेली आणि २६ पूर्वी तिच्यामुळे काहीही हललं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागतो तो ७ डिसेंबरचा प्रसंग. म्यूरहेड बेटावर असताना डुकॅट त्यांच्याशी याच खुणांबद्दल बोलले होते. एखादी खूण टांगायची वेळ यावी असं वाटतं, म्हणाले, म्हणजे ती किनाऱ्यावर किती वेळात दिसते आणि किती वेळात कुणी हलतं ते तरी कळेल. वर्षभर बेटावर काढलेल्या मुख्य रक्षकाला व्यवस्थेबद्दल शंका होती आणि त्याने ती योग्य माणसापाशी, स्पष्ट शब्दांत मांडली होती. आठ दिवसांनी तो नव्हता.

म्यूरहेड यांनी ते उडवून लावलं नव्हतं. ‘सगळं ठीक आहे’ अशी रोजची खूण सुरू करावी का, याचं त्यांनी टिपण केलं. मग जाणकारांशी बोलून नको असं ठरवलं. अंतर जास्त, धुकं वारंवार, खूण अनेक दिवस दिसणार नाही आणि विनाकारण घबराट होईल, विशेषतः रक्षकांच्या बायकामुलांत, हे कारण. ते खोटं नव्हतं. ७ ते २९ च्या दरम्यान दिवसाची कुठलीही खूण किनाऱ्यावरून दिसली नसती, हेही त्यांनीच दाखवून दिलं. पण यामुळे व्यवस्था अशी उरली की तिच्यात संकटाची खबर देण्यासाठी जिवंत माणूस लागे. तिघांवर एकदमच संकट आलं तर गोल टांगणार कोण? हा प्रसंग कुणी गृहीतच धरला नव्हता.

बिनतारी यंत्र असतं तर काय झालं असतं, असाही प्रश्न तेव्हा निघाला. म्यूरहेड यांचं उत्तर विलक्षण प्रामाणिक आहे. काही दिवस संदेश आला नसता तर मी यंत्र बिघडलं असंच समजलो असतो, तिघेही गेले ही शंका मला सगळ्यात शेवटी आली असती, असं त्यांनी लिहून दिलं. स्वतःच्या खात्याच्या अहवालात हे लिहायला धैर्य लागतं.

शिफारस आणि तिच्यातली उणीव

हवेचा विचार करता दिवा दिसायला हवा असं ज्या रात्री पाहणाऱ्याला वाटेल, आणि तरी तो दिसणार नाही, तेव्हा त्याने मंडळाच्या सचिवांना कळवावं, अशी त्यांनी शिफारस केली. सुधारणा आहे, पण मला ती अपुरी वाटते. ती पाहणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेली आहे, आणि अंदाजच तर या प्रकरणात गोंधळला होता. लोकांना नाहक घाबरवू नये, या भिडेपोटी माणूस आणखी एक रात्र थांबतो.

आकडा ठरवता आला असता. सलग पाच रात्री न दिसणं नेहमीचं, मग सहाव्या रात्री न दिसला की कळवायचंच, मत विचारलेलं नाही. वहीत १३ पासून मोजलं तर सहावी रात्र १८ डिसेंबरची. म्हणजे १९ च्या सकाळी तार गेली असती, २६ च्या आधी पूर्ण एक आठवडा. याने तिघे वाचले नसते. ते १५ च्या दुपारीच गेले होते, आणि म्यूरहेड यांनीही हे स्पष्ट म्हटलं आहे. बेटावर उतरताही बहुधा आलं नसतं, कारण २० ची बोट हवेने अडवलीच होती. पण जहाजांना इशारा देता आला असता की फ्लॅननचा दिवा चालू असेल असं धरून चालू नका. ज्याच्या भरवशावर दिशा ठरवायची तो दिवा कुणाला न कळता बंद असणं हे दिवा मुळातच नसण्यापेक्षा घातक. त्या अकरा रात्रींत फ्लॅननजवळून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने हा धोका न कळता पत्करला.

मूर बेटावरच राहिले. त्यांना फार धक्का बसला होता. पहाऱ्याच्या वेळी सोबत म्हणून लॅमॉंट यांना एक-दोन आठवडे तिथे ठेवावं लागलं. त्यांची भीती गेली नाही तर बदली करावी लागेल, पण या जागेची माहिती असलेला निदान एक माणूस तिथे हवा, म्हणून तशी शिफारस करायला मन होत नाही, असं म्यूरहेड यांनी नोंदवलं. लुइसवरच्या टिउम्पन हेड दीपगृहाचे मुख्य रक्षक जॉन मिल्न यांच्याकडे कारभार दिला गेला. तिथे रक्षक राहात होते ते १९७१ पर्यंत. त्या वर्षी दिवा स्वयंचलित झाला.